‘यंदा अर्ज नको’ म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांकडून नकार आलेल्या मराठी घरांतल्या मुलांना तुम्ही हॉस्पिटलची ड्यूटी सांभाळून, एक पैसाही न घेता वाट दाखवता. त्या सगळ्या घरांच्या वतीने हे पत्र. उघड लिहितोय, कारण ज्यांच्याकडे तुमचा नंबर नाही त्यांच्याही हाती तुमचं सांगणं पडायला हवं.

सर्वांत मोठे आभार तुमच्या ‘यंदा नको’चे. नकार आला की घरात पहिला विचार एकच होतो: निबंध थोडा सुधारू, कॉलेजं वाढवू आणि जूनमध्ये पुन्हा भरून टाकू. तुम्ही शांतपणे विचारता, ‘मागच्या अर्जात नव्हतं असं यात काय आहे?’ उत्तर नसेल तर अर्ज नाही. अ‍ॅमकास या एमडी कॉलेजांच्या (अमेरिकेत एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) सामाईक अर्ज-पोर्टलमधून दरवर्षी ५२ हजारांच्या आसपास मुलं अर्ज करतात आणि साधारण २३ हजार प्रवेश घेतात, म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना त्या वर्षी जागा मिळत नाही. कॉलेजं जुने अर्ज काढून बघतात. काही कॉलेजं सेकंडरीत, म्हणजे मूळ अर्जानंतर पाठवलेल्या आपल्या स्वतंत्र प्रश्नावलीत, सरळ विचारतात की मागच्या वेळेपासून काय बदललं, आणि काही ठिकाणी एकूण किती वेळा अर्ज करता येईल यालाही मर्यादा असते. घाईने केलेला दुसरा अर्ज म्हणजे वाया घालवलेली संधी, हे नातेवाइकांचा फोन चालू असताना ठामपणे सांगायला धीर लागतो. तो तुम्ही दाखवलात.

मग तुमचा तो क्रेडिटच्या हिशेबाचा कागद. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए (पदवीच्या ग्रेडची ४ पैकी सरासरी) ३.७७ च्या आसपास आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) ५११-५१२. समोरचं मूल ३.१ वर. पदवीचे १२० क्रेडिट (विषयांचं वजन मोजायचं एकक) गुणिले ३.१ म्हणजे ३७२ गुण. आता वर्षभर आणखी ३० क्रेडिट घेतले आणि सगळीकडे ‘ए’, म्हणजे ४.०, मिळवला, तर १२० गुण वाढले. ४९२ भागिले १५०, म्हणजे ३.२८. वर्षभर एकही चूक न करता एवढंच. ३.५ गाठायचा तर ९६ क्रेडिट लागतील, तेही सगळे ‘ए’. हे गणित बघून मुलं खचतात, आणि तिथेच तुम्ही अ‍ॅमकासचा तक्ता उघडता. त्यात प्रत्येक वर्षाचा जीपीए वेगळा छापलेला असतो, पदवीनंतर घेतलेल्या पदवीपातळीच्या विषयांची ओळ वेगळी, आणि विज्ञानाचा रकाना वेगळा. एकूण आकडा जेमतेम हलला तरी त्या वेगळ्या ओळीत ३० क्रेडिटचा ४.० लख्ख दिसतो. पहिल्या वर्षी २.७ आणि शेवटच्या ओळीत ४.० असलेला अर्ज आणि सगळीकडे सपाट ३.१ असलेला अर्ज वाचणाऱ्याला एकसारखे वाटत नाहीत. मुलांनी गाठायचं ते हे, हे तुम्ही आकड्यांनी पटवलंत.

त्या विज्ञानाच्या रकान्यात काय धरतात हे तर आमच्यापैकी बहुतेकांना तुमच्याकडूनच कळलं. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ, त्यात स्टॅटिस्टिक्सही. इंजिनिअरिंगचे विषय मात्र ‘इतर’मध्ये जातात, मग बायोमेडिकल इंजिनिअरिंगला कितीही राबलेलं असो. विषय नावावरून ठरत नाही, त्यात शिकवलेल्या मजकुरावरून ठरतो, म्हणून अभ्यासक्रमाची प्रत जपून ठेवा हा तुमचा आग्रह.

पुन्हा दिलेल्या विषयांबद्दल घराघरांत गैरसमज आहे. कॉलेजने जुनी ग्रेड पुसली म्हणून अ‍ॅमकास पुसत नाही, दोन्ही मोजतं. डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक डॉक्टरकीची पदवी देणाऱ्या कॉलेजांचं पोर्टल अ‍ॅकोमास पूर्वी नवी ग्रेडच धरायचं, पण २०१७ पासून तेही दोन्ही धरतं. त्यामुळे ‘सी’ आलेला ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा विषय पुन्हा गिरवण्यापेक्षा बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, जेनेटिक्स, सेल बायॉलॉजी, इम्युनॉलॉजी असे वरचे विषय घेऊन ‘ए’ मिळवावा. ‘सी मायनस’ किंवा त्याखालची ग्रेड असेल तर अनेक कॉलेजं तो विषय पूर्ण झाला असं धरत नाहीत, तेवढाच पुन्हा द्यावा. आणि हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेले क्रेडिटसुद्धा अ‍ॅमकासमध्ये दाखवावेच लागतात. त्या कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) मागवायची राहिली की पडताळणी अडकते. उलट पुण्या-मुंबईतून बी.फार्म. करून आलेल्यांचे तिथले गुण अ‍ॅमकास जीपीएत धरत नाही, आणि बहुतेक कॉलेजांना मूळ विज्ञान विषय अमेरिकेत किंवा कॅनडात केलेले हवे असतात. त्यांच्यासाठी सगळी पाटी इथेच भरायची असते.

पोस्टबॅक (पदवीनंतर घेतलेले पदवीपातळीचे विषय) की स्पेशल मास्टर्स (मेडिकल प्रवेशाच्या तयारीचं मास्टर्स), हा सगळ्यांत जास्त वाद घातला जाणारा प्रश्न, आणि तुमचं म्हणणं आम्हाला पूर्ण पटलेलं आहे. पोस्टबॅकचे क्रेडिट पदवीच्या जीपीएत मिसळतात, मास्टर्सचे मिसळत नाहीत, त्यांची ओळ वेगळी असते. ३.२ च्या खाली असलेल्याने आधी जवळच्या स्टेट युनिव्हर्सिटीत पोस्टबॅक करावं, खर्चही कमी. स्पेशल मास्टर्समध्ये मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे विषय असतात, काही ठिकाणी तर त्याच विद्यार्थ्यांबरोबर परीक्षा. तिथे उत्तम केलं तर भक्कम पुरावा, पण तिथे ‘बी’ची रांग लागली तर पुढे दाखवायला काही उरत नाही. म्हणून अभ्यासाची घडी बसल्याशिवाय तिकडे कुणाला जाऊ देऊ नका, असं तुम्ही पालकांना बजावता. नुसतं पब्लिक हेल्थचं मास्टर्स केलं म्हणजे जीपीएची भरपाई झाली, हा गैरसमजही तुम्हीच दूर केलात.

ग्रेड का घसरली हे आधी शोधायला लावता, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. एका सेमिस्टरला लॅबचे तीन-तीन विषय, सोबत आठवड्याला २० तास नोकरी, दोन तास प्रवास, न सांगितलेलं आजारपण, किंवा वाचून वाचून पाठ करण्याची सवय. कारण तसंच राहिलं तर पोस्टबॅकमध्येही तेच होतं, फक्त जास्त फी भरून. तुमची पद्धत: पहिल्या सेमिस्टरला विज्ञानाचे दोनच विषय, दोन्ही ‘ए’, मगच पुढच्या वेळी वाढवायचे. ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ची, म्हणजे मध्येच सोडलेल्या विषयांची, माळ नको.

एमकॅटबाबत तुम्ही कडक आहात ते योग्यच आहे. गुण ४७२ ते ५२८ च्या दरम्यान, चार विभाग. वर्षात तीनदा, लागोपाठच्या दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच बसता येतं. परीक्षेला गेलंच नाही तरी ती खेप मोजली जाते. एएएमसीच्या, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या, पूर्ण लांबीच्या सराव परीक्षांत हवे तेवढे गुण सातत्याने येईपर्यंत तारीख पुढे ढकलायची, आणि सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षांच्या तोंडावर ती कधीच ठेवायची नाही. निकालाला महिनाभर लागतो, त्यामुळे मे महिन्याच्या आत परीक्षा उरकलेली बरी. कमी जीपीएवाल्याला एमकॅटचाच आधार असतो, पण चांगला एमकॅट एकटा ट्रान्सक्रिप्ट झाकत नाही, हेही तुम्ही लपवत नाही.

वेळापत्रकाचं थोडक्यात: जूनच्या सुरुवातीला अर्ज, कारण गर्दीत पडताळणीला सहा आठवडेही लागतात आणि जागा जशा अर्ज येतील तशा भरत जातात. सेकंडरी दोन आठवड्यांत परत. शिफारसपत्रं मागच्या वर्षाची पुढे येत नाहीत, ती नव्याने मागवायची आणि त्यातली निदान दोन पोस्टबॅकच्या प्राध्यापकांची. ५,३०० अक्षरांच्या निबंधात ग्रेडची सफाई देत बसायचं नाही. दोन ओळींत काय झालं, काय बदललं, आणि पुढे.

डीओबद्दल आपल्या समाजात जो नाक मुरडण्याचा प्रकार आहे, त्यावर तुम्ही पालकांशी जे बोललात त्यासाठी वेगळे आभार. २०२० पासून एमडी आणि डीओ दोघांचं रेसिडेन्सी मॅच (पदवीनंतरच्या हॉस्पिटल-प्रशिक्षणाच्या जागांचं वाटप) एकच आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एमडीच्या शेवटच्या वर्षातल्या सुमारे ९३ टक्के आणि डीओच्या ९२ टक्के विद्यार्थ्यांना जागा मिळाली. परदेशी, म्हणजे बहुतांशी कॅरिबियन कॉलेजांतून आलेल्या अमेरिकन नागरिकांना ६७ टक्के. हे तीन आकडे शेजारी ठेवले की ‘डीओ नको, त्यापेक्षा कॅरिबियन’ म्हणणाऱ्या काकांकडे बोलायला काही राहत नाही.

एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असलेल्या मुलांना तुम्ही पहिल्याच भेटीत एमएसएआर, म्हणजे एएएमसीची कॉलेजांच्या प्रवेशनियमांची सूची, उघडून दाखवता: कुठलं कॉलेज ग्रीन कार्ड नसलेल्यांचा अर्ज घेतं, कुठलं घेत नाही. बऱ्याच सरकारी कॉलेजांत मुळात आपल्या राज्यातल्यांनाच प्राधान्य असतं. जिथे दार बंद आहे तिथे फी भरायची नाही. हे कुणीतरी वेळेवर सांगणं फार गरजेचं होतं.

ताई, तुमचा क्रेडिटचा तक्ता आम्ही मराठीत करून ठेवला आहे. नवीन मूल आलं की आधी तो भरून घेऊ, सगळ्या कॉलेजांच्या ट्रान्सक्रिप्ट गोळा करायला लावू आणि मगच तुमच्याकडे पाठवू, म्हणजे तुमचा शनिवारचा तास बेरजा करण्यात जाणार नाही.

तुमचे,
शनिवारच्या कॉलवरची मुलं आणि त्यांचे आईबाबा