बाळ लहान झालं, तर वारही तोला

संपादक महाशय,

बाळ सव्वादोन किलोचं भरलं की पहिला सवाल बाळंतिणीला होतो, ‘नऊ महिने नीट खाल्लं नाहीस का?’ आणि त्या बाळाला पोसणारी वार (प्लासेंटा) बहुतेक वेळा न तोलताच कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. हा सवाल अन्यायाचा आहे, आणि शास्त्राला धरूनही नाही.

वार वाढते आईच्या पोटात, पण तिच्या बहुतांश पेशी फलित बीजातूनच आलेल्या असतात. ती किती वाढावी यात गर्भाच्या प्रथिनांचा मोठा हात असतो. त्यांतलं खूप अभ्यासलेलं प्रथिन म्हणजे आयजीएफ-२, इन्सुलिनच्या जवळचा वाढघटक. गर्भात आणि वारेत याच्या जनुकाची वडिलांकडून आलेली प्रत चालते, आईकडची बंद असते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. गर्भातलं हे जनुक बंद केल्यावर वारेतल्या बारीक रक्तवाहिन्यांची वाढ खुंटली. गर्भाच्या रक्तातून येणारं आयजीएफ-२ या वाहिन्यांच्या अस्तरपेशींना वाढवतं आणि त्या पेशी शेजारच्या ट्रोफोब्लास्टला (वारेच्या आवरणातल्या पेशींना) संदेश देतात. म्हणजे वाढत्या गर्भाची मागणी गर्भच वारेपर्यंत पोचवतो.

हे उंदरांतलं झालं, माणसाला जसंच्या तसं लावू नये. पण मधुमेहात असंच काहीसं आपल्याकडे रोज दिसतं. आईची साखर वार ओलांडते, तिचं इन्सुलिन जवळपास ओलांडत नाही. मग बाळाचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करतं. शेवटच्या महिन्यांत वारेवरचे इन्सुलिनचे ग्राही, म्हणजे त्याचा संदेश टिपणारी प्रथिनं, मुख्यतः बाळाच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांवर असतात. साखर आटोक्यात नसलेल्या मातेची वार अनेकदा जड भरते, त्यामागे हेही एक कारण आहे.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. अडीच किलोखालचं बाळ, मृतजन्म, आईचा वाढलेला रक्तदाब किंवा मधुमेह, यांपैकी काही असेल तर वार टाकू नये. गुठळ्या काढाव्यात, नाळ आणि पडदे छाटावेत, मग वजन करावं. पूर्ण दिवसांची वार साधारण ५०० ग्रॅमची, बाळाच्या वजनाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकी असते. नाळ कधी बांधली तेही लिहावं, कारण लगेच बांधली तर वारेत रक्त उरतं आणि वजन फुगतं. नाळेत दोन धमन्या आणि एक नीला आहे का, ती वारेच्या मध्यावर जुळली आहे की कडेला, हे पाहायला मिनिटही लागत नाही.

चुका होतात त्या साठवणीत. तोलण्याआधी फॉर्मेलिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रावात) बुडवली की वजन बदलतं. फ्रीझरमध्ये ठेवली की बर्फाचे कण पेशी फोडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. मे महिन्यात ट्रेमध्ये उघडी राहिली तर पेशी गळू लागतात. ४ अंशांवरच्या साध्या फ्रिजमध्ये ती काही दिवस टिकते. तपासणीचे तुकडे कडेचे न घेता मधल्या भागातून, पूर्ण जाडीचे घ्यावेत. कडेला निरोगी वारेतही बदल आढळतात आणि त्यावरून चुकीचा निष्कर्ष निघतो.

महापालिकेच्या प्रसूतिगृहांसाठी हे सगळं सांगणारा एक पानाचा तक्ता परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेकडून करून घेता येईल. वारेचा अहवाल डिस्चार्ज कार्डासोबत बाईच्या हाती द्यावा. पुढच्या खेपेस तो कामी येतो: गरोदरपणातला रक्तदाबाचा त्रास टाळायला कमी मात्रेची ॲस्पिरिन द्यायची का, याचा निर्णय डॉक्टरांना शक्यतो गरोदरपणाच्या १६ आठवड्यांच्या आत घ्यावा लागतो.

– वारेच्या तपासणीचं काम करणारे काही जण, मुंबई