पैठणीचं कव्हर काढ

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. स्पर्धेसाठी तू जे पुस्तक बांधून राहिला त्याचे फोटो पाहिले, बोटांनी मोठे करकरून पाहिले, बाबांनाही दाखवले. बाबा म्हणाले छान आहे. पण ते तुझ्या कोणत्याही गोष्टीला छानच म्हणतात, म्हणून मी लिहून राहिली. फोनवर तू नुसतं हो आई, हो आई करतो अन् ठेवून देतो.

ते पैठणीचं कव्हर काढ बाप्पा. बाहेरच्या लोकांना मोर आवडतील, इंडियन वाटेल, असं तुला कोणीतरी डोक्यात भरवलेलं दिसते. अन् दुसऱ्या फोटोत वारली काढली ती काऊन? आपण आर्वीकडचे, वारली तिकडे पालघर-डहाणूची, आपल्या घरी कोणी कधी भिंतीवर काढली का? आत पाण्यावरच्या कविता अन् वर मोर नाचून राहिले, मला तर ते लग्नाच्या आहेराचं पाकीट वाटलं. तूच सांगितलं होतंस ना, डिझायनर बुकबाइंडर्सवाले, म्हणजे ती इंग्लंडातली पुस्तक बांधणाऱ्यांची संस्था, ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीसोबत ही स्पर्धा घेतात, २००९ ला विषय पाणी होता, २०१३ ला शेक्सपिअर, २०१७ ला पुराणकथा अन् वीर. म्हणजे विषय देऊन बांधायला लावतात. मग आत जे आहे तेच वर यायला पाहिजे ना, तू कोणत्या देशाचा हे फॉर्मवर लिहिलेलं असतेच.

आता पाणी म्हटलं तर आपल्याकडे काय कमी आहे का सांगायला. आपल्या वावरातली विहीर आठव, उन्हाळ्यात पाणी खाली जाते तसतशा दगडावर रेषा पडत जातात, वरची जुनी अन् फिकट, खालची ओली काळी. पुस्तकाच्या कापलेल्या कडेवर तसे पट्टे रंगवता येतील का बघ, वर नुसतं साधं चामडं ठेव. हे आपलं मी सुचवलं, डिझाईन तुझं तू ठरव, मला त्यातलं कळत नाही.

मला शिलाईतलं कळते. लग्न होऊन आल्यापासून या बाइंडिंगच्या दुकानात मी घड्या घालून राहिली अन् फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुड्या, शिवून राहिली, तलाठ्याची रजिस्टरं, शाळेचे दाखलखारीज, दुकानदारांच्या खतावण्या, पण सगळ्यात जास्त शिकवलं ते पारायणाच्या पोथ्यांनी. पारायणाला बसलेली बाई एका हातानं मांडीवरचं लेकरू धरते, पोथी समोर आपली आपण उघडी राहिली पाहिजे, मिटली की बाई दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. तुझ्या तिसऱ्या फोटोत पुस्तक उघडं आहे पण दोन्ही बाजूंनी तुझे अंगठे दाबलेले दिसून राहिले. अंगठे काढून फोटो पाठव मग बोलू.

मला वाटते दोरा जाड झाला. फर्मे पातळ अन् संख्येने जास्त असले की प्रत्येक घडीत दोरा बसतो अन् तेवढी पाठ फुगत जाते, थोडी फुगायलाच पाहिजे नाहीतर पाठीला गोलाई येत नाही, पण जास्त झाली तर पाठ जाड अन् पुढची कड पातळ, मग दाबायच्या शिकंजात कितीही आवळ. पातळ लिनन घे, मेणातून ओढ. घडी बांबूच्या कामटीनंच दाब, नखानं नको, चमक येते कागदावर.

आणखी एक, कागदाचा अन् पुठ्ठ्याचा धागा, म्हणजे त्यातले तंतू ज्या बाजूनं जातात ते, पाठीच्या दिशेनं उभा आहे का ते पाहिलंस का? कागद ओला झाला की धाग्याच्या आडव्या बाजूनं वाढतो, हे तुला लहानपणीच दाखवलं होतं, पट्टी ओली करून. तुझ्या डाव्या पुठ्ठ्याला मधे पोट आलंय ते मला तरी यामुळेच वाटते. अस्तराला वर्ध्याचा हातकागद वापरणार असशील तर चांगलं, त्यात धागे सगळीकडे फिरलेले असतात म्हणून एका बाजूला तेवढा ओढत नाही. गांधीजींच्या काळात, १९३४ ला ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा मगनवाडीत हातकागदाचं काम होतं, तुझे आजोबा त्याच्या गोष्टी सांगायचे, अर्ध्या खऱ्या अर्ध्या त्यांच्या.

फेविकॉल लावू नको. पक्का बसतो हे खरं, पण पुढं पन्नास-शंभर वर्षांनी कोणाला दुरुस्त करायचं झालं तर सुटत नाही, अन् तुझं पुस्तक त्या लायब्ररीत राहिलं तर तिथले लोक कधीतरी उघडणारच. गव्हाच्या सत्वाची खळ कर, पाण्यानं सुटते. आम्ही मोरचूद टाकतो, ते तांब्याचंच असते, कसर लागू नये म्हणून, पण तुझ्या मॅडम म्हणतात तांब्यानं कागद खराब होतो, तर तू टाकू नको, थोडी थोडी ताजी कर अन् उरली तर फेकून दे.

अन् हवेचं काय? आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी की पुठ्ठा कडकडीत होतो, तिकडे इंग्लंडात बारा महिने ओल. इथं सरळ दिसलेलं कव्हर तिथं पेटीतून काढल्यावर वाकडं निघालं तर परीक्षकाला काय सांगशील, आमच्याकडे ऊन जास्त आहे म्हणून? म्हणून मी म्हणते नमुना आधीच बांध, थोडे दिवस तिथं पुण्यात पावसाळ्यात उघडा ठेव, मग दिवाळीत इकडे आण, इथल्या हवेत ठेवू, दोन्हीकडे टिकला तर खरं पुस्तक बांधायला घे. घाई करून चामडं वाया घालवू नको, बकऱ्याचं चांगलं चामडं किती महाग पडते ते बाबांना अजून मी सांगितलं नाही.

चामडं कडेला छिलून पातळ करायचं ते मात्र मला येत नाही, आम्ही जन्मभर रेक्झिन अन् कापडच लावलं. ते तू मॅडमकडूनच शिक अन् आला की मलाही दाखव, राप्पी, ती चामडं छिलायची सुरी, मी धार लावून ठेवते.

कापूस यंदा बरा आहे, वेचायला बाया भेटत नाहीत एवढंच. पैठणी कोणाची कापली रे? काकूची असेल तर तिला आधी फोन कर.

तुझी आई