मुलांच्या वह्या वाचायला वेळ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका पालकांचं पत्र होतं. मुलगा तिसरीत आहे, त्याला साधी वजाबाकी येत नाही, आणि एवढा पगार घेऊन शिक्षक करतात तरी काय, असं त्यांनी विचारलं होतं. मी ३६ वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवलं, त्यातली बहुतेक वर्षं जत तालुक्यात. २०२२ च्या मे महिन्यात निवृत्त झाले. त्या पालकांचा राग मला समजतो. आमच्यातले काही जण शिकवत नाहीत, हे मी स्वतः पाहिलंय. ते झाकायला हे पत्र लिहीत नाही. पण जे जीव तोडून शिकवतात, त्यांच्याही वर्गात वजाबाकी अडतेच. ती कुठे अडते, हे कुणीतरी सांगायला हवं.

पालकांनी मुलाचं गणित पत्रात दिलं होतं. ५२ वजा २७, आणि मुलाचं उत्तर ३५. खाली लिहिलं होतं, ‘एवढंही येत नाही.’ मी ते गणित पुन्हा पुन्हा पाहिलं. पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच. मुलाने दोन्हीकडे मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय. हा नियम त्याच्या मनाचा नाही, आम्हीच तो त्याला पहिलीत दिलाय. ‘मोठ्यातून लहान वजा करायचा’ हे वाक्य मी स्वतः किती वर्षं बोलत आले! पहिलीच्या एक अंकी गणितांना ते चालतं. दुसरीत मूल तेच वाक्य एकक-दशकाच्या प्रत्येक घराला लावतं. त्याला ‘नीट कर’ म्हटलं की ते तेच आणखी नीट करतं. घरी वीस गणितं घातली, तर चुकीचा नियम वीस वेळा घोटून पक्का होतो.

अशा वेळी मी गणित बाजूला ठेवून ज्वारीच्या धांड्याच्या काड्या काढायची. दहा-दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्या. ‘यातल्या मला सत्तावीस दे.’ मूल दोन गठ्ठे देतं, दोन सुट्या देतं, आणि थांबतं. आणखी पाच कुठून द्यायच्या? ते माझ्या तोंडाकडे बघतं. त्या वेळी बाईंनी काही बोलायचं नसतं. मी मनात दहापर्यंत मोजायची, कधी वीसपर्यंत. बहुतेक मुलं स्वतःच एका गठ्ठ्याचा दोरा सोडतात. ज्याने आपल्या हाताने गठ्ठा सोडलाय, त्याला ‘दशक मोकळा करणे’ हे शब्द मग दोन मिनिटांत कळतात. आधी शब्द सांगितले तर महिना जातो.

गप्प राहणं मला सगळ्यात जड गेलं. डी.एड.ला आमचे सराव पाठ व्हायचे, त्यात मागे निरीक्षक बसलेले असत. वर्ग दोन क्षण शांत झाला की वाटायचं, आपला पाठ पडला. ती सवय नोकरीतही दहा वर्षं तरी सुटली नाही. प्रश्न विचारायचा, पहिल्या बाकावरची हुशार मुलगी उत्तर द्यायची, ‘शाबास’ म्हणायचं, पुढे जायचं. शेवटी ‘समजलं का?’ आणि सगळ्या वर्गाचं एका सुरात ‘हो बाईऽऽ’. पुढे मी ‘समजलं का’ हा प्रश्नच टाकला. त्याऐवजी ‘कसं केलंस?’ विचारू लागले, आणि उत्तर बरोबर असलं तरी विचारू लागले. फक्त चुकलेल्यालाच विचारलं की मुलं ओळखतात, बाईंनी विचारलं म्हणजे चुकलंय, आणि लगेच खोडायला लागतात.

आता एक गोष्ट सांगते, जी सांगताना अजून त्रास होतो. १९८९ साली माझ्या वर्गात एक मुलगा होता, धनगराच्या घरचा, घरी कन्नड बोलणारा. जतच्या पूर्व भागात अशी घरं पुष्कळ आहेत. मी ‘त्रेसष्ट’ म्हटलं की तो पाटीवर ३६ लिहायचा. ‘पंचेचाळीस’ म्हटलं की ५४. मी त्याला रागावले, शंभर वेळा लिहायला लावलं, एकदा हातावर पट्टीही मारली. तो शाळेत येईनासा झाला, मेंढरांमागे गेला. मुलाचं लक्ष नाही असं मी तेव्हा ठरवून टाकलं होतं.

बावीस वर्षांनी, दुसऱ्या शाळेत, तसाच एक मुलगा दुसरीत आला. शाळा द्विशिक्षकी, पट ४१. हाही त्रेसष्टला ३६ लिहायचा. एक दिवस मधल्या सुट्टीत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी खिचडीसाठी ताटं मोजत होत्या आणि हा त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याबरोबर मोजत होता. ‘इप्पत्तोंदु, इप्पत्तेरडु, इप्पत्तमूरु…’ नलवत्तोंदुपर्यंत, म्हणजे एक्केचाळीसपर्यंत, एकही चूक नाही. मी मावशींना विचारलं, इप्पत्तु म्हणजे? त्या म्हणाल्या, ‘वीस की हो बाई. इप्पत्त, मग ओंदु. वीस, मग एक.’

मी तिथेच उभी राहिले. कन्नडमध्ये आधी दशक, मग एकक. अरवत्तमूरु, साठ आणि तीन. कानाला जे आधी ऐकू येतं तेच हात आधी लिहितो, आणि तेच बरोबर असतं. मराठीत आपण उलटं बोलतो. त्रेसष्ट म्हणजे तीन आणि साठ. मुलगा मराठी शब्द घरच्या सवयीने ऐकत होता, आधी तीन, मग सहा. तो इतका नीट ऐकत होता की त्यामुळेच चुकत होता. आणि ही अडचण फक्त कन्नड घरांतल्या मुलांची नाही. मराठी मुलांचंही एकवीस ते नव्व्याण्णव या पट्ट्यात असंच होतं. त्यात एकोणतीस, एकोणसाठ यांची भर. ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, कारण ‘साठ’ ऐकू येतं आणि ‘एक उणे’ कुणी उलगडून सांगितलेलं नसतं. कन्नडमध्ये एकोणतीसला सरळ वीस-नऊ म्हणतात.

त्या दिवसापासून त्या मुलाला मी आधी मावशींच्या भाषेत आकडा म्हणायला लावायची, मग मराठीत, मग लिहायला. एका कागदाच्या पट्टीवर ६० आणि दुसऱ्या छोट्या पट्टीवर ३ लिहून, छोटी पट्टी शून्यावर ठेवायची. तीन आठवड्यांत तो बरोबर लिहू लागला. आणि मला रात्र रात्र १९८९ चा मुलगा आठवत राहिला.

२०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. विधानसभेत हशा झाला, मराठी बुडाली असंही लोक म्हणाले. पाठ्यपुस्तकाच्या गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर शांतपणे कारण सांगत होत्या, की मुलांना कुठे अडतं ते पाहून हे केलंय. त्यांचं ऐकून घेणारे फार थोडे होते. माझं मत विचाराल तर त्रेसष्ट हा शब्द मुलांना यायलाच हवा, तो आपला आहे. पण त्याच्यापर्यंत जाताना साठ-तीनचा आधार मिळाला तर बिघडतं काय? त्या सगळ्या गोंधळात टीव्हीवर एकाही दुसरीच्या वर्गातली वही कुणी उघडून दाखवली नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

चांगलं शिकवायला काय लागतं, याचं माझ्यापुरतं उत्तर या वह्यांत आहे. मूल चुकतं तेव्हा त्याच्या डोक्यात काहीतरी चाललेलं असतं, आणि ते शोधून काढणं हेच शिक्षकाचं काम. आवाज, फळ्यावरचं अक्षर, गाणी, साहित्य हे सगळं लागतंच, पण ते त्यानंतर.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाच्या, शिकवण्याचं नाव झालं, तेव्हा आम्हीही ते वर्ग पाहायला गेलो होतो. तिथली मुलं जमिनीवर आखलेल्या आकृत्यांवर बसून आपापसांत बोलत शिकत होती आणि शिक्षक त्यांच्यामध्ये बसून ऐकत होते. परत आल्यावर आमच्याकडे काय झालं? गावोगाव फरशा रंगवल्या गेल्या. रंग आणता येतो, वर्गणी काढता येते, फोटो निघतो. ऐकणारे शिक्षक मात्र रंगाच्या डब्यातून येत नाहीत. त्याला वेळ लागतो.

आणि तो वेळच आमच्याकडून काढून घेतला जातो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचा आठवडा किमान ४५ तासांचा धरलाय, तोही पाठाच्या तयारीसकट. त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसरं अशैक्षणिक काम देऊ नये, असं स्पष्ट म्हटलंय. प्रत्यक्षात काय होतं? माझ्या शेवटच्या वर्षांतला एक साधा मंगळवार सांगते. सकाळी आहाराची ऑनलाइन नोंद. नेट नाही म्हणून टाकीजवळच्या चढावर जाऊन ती केली. अकराला निरोप, कालच्या उपक्रमाचे फोटो ग्रुपवर टाका. बाराला, आधार जुळत नसलेल्या मुलांची यादी दुपारपर्यंत द्या. दुसरे शिक्षक मतदार यादीच्या कामावर, म्हणजे चारही वर्ग माझ्याकडे. त्या दिवशी मी शिकवलं, पण एकही वही वाचली नाही. नुसत्या बरोबर-चूकच्या खुणा केल्या. बरोबर-चूक करायला दोन सेकंद पुरतात. मूल का चुकलं हे वाचायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि चारही वर्गांत मिळून एक्केचाळीस मुलं.

मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे पाहणारा ‘असर’चा अहवाल येतो तेव्हा किती मुलांना वजाबाकी येत नाही याचे मथळे होतात. तो अहवाल गावोगाव घरी जाऊन मुलांना तपासून केलेला असतो, त्याला मी नावं ठेवत नाही. पण किती हे कळल्यावर लगेच वरून नवा उपक्रम येतो, नवं ॲप येतं, नवा तक्ता भरायला येतो. का चुकलं हे विचारायला कुणीच येत नाही.

आम्ही पाच जणांनी एकदा वेगळं करून पाहिलं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की महिन्यातून दोनदा एका शाळेच्या पिंपळाखाली जमायचं. प्रत्येकाने तीन वह्या आणायच्या, चुकलेल्या. नियम एकच होता, की मुलाबद्दल ‘ढ आहे’, ‘घरचं लक्ष नाही’ असं म्हणायचं नाही. मुलाने काय विचार केला असेल, एवढंच बोलायचं. एका गुरुजींनी एका मुलीचं वाचन सांगितलं. ती धडा घडाघडा वाचते, पण प्रश्नाचं उत्तर देत नाही. आमच्यातली सगळ्यात तरुण शिक्षिका म्हणाली, धड्यावरचं चित्र झाकून बघा. गुरुजींनी चित्र झाकलं आणि मुलगी गप्प. थोरल्या भावाचं ऐकून तिला धडा पाठ होता, अक्षर एक ओळखत नव्हती. ती चौथीत गेली असती तशीच. त्या पिंपळाखाली मी डी.एड.च्या दोन वर्षांपेक्षा जास्त शिकले, हे मी मनापासून सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, हे मी परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहिलं होतं. मूल जिथे आहे तिथे जायचं, याचा अर्थ मला पन्नाशीत कळला. बदल्या झाल्या, पाचातले तिघे लांब गेले, आणि आमचं जमणं थांबलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, दर महिन्याला शिक्षकांची शिक्षण परिषद होतेच. तिच्यातला बराच वेळ सूचना आणि माहिती मागण्यात जातो. त्यातला एक तास मुलांच्या वह्यांना द्यावा. त्या तासाचा फोटो नको, अहवाल नको, लिंक नको. फक्त शिक्षकांनी वह्या उघडून एकमेकांशी बोलावं. याला एक रुपयाही लागत नाही.

त्या पालकांनाही एक विनंती. आज संध्याकाळी मुलाला ५२ वजा २७ पुन्हा द्या आणि म्हणा, मला शिकव, तू कसं करतोस. तो बोलेपर्यंत थांबा. मग त्याने सांगितलेलं एका कागदावर लिहून त्याच्या शिक्षकांकडे न्या. तक्रारीपेक्षा त्या कागदाने त्यांचं काम जास्त सोपं होईल.

आणि आपल्याला एक विनंती, संपादक महोदय. आपल्या रविवारच्या पुरवणीत शब्दकोडं येतं. त्याच्या शेजारी चार ओळींची जागा द्यावी. तिथे दर आठवड्याला एक चुकलेलं गणित किंवा वाक्य छापावं, मुलाचं नाव न देता, आणि वाचकांना विचारावं, या मुलाने काय विचार केला असेल? पहिलं गणित मी माझ्या जुन्या वहीतून पाठवते. तिसरीतली मुलगी, ४०३ वजा १७८, उत्तर ३२५. मधल्या अंकात शून्य असलेल्या चारही गणितांत तिने हेच केलंय, आणि शून्य नसलेली सगळी गणितं बरोबर आहेत.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
जत, जि. सांगली