आघाडी देशभरातली नको, राज्यातली पाहा

अमेरिकेतील प्रायमरीच्या (पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्यवार मतदानाच्या) बातम्यांत ‘अमुक उमेदवार देशभरात पाच टक्क्यांनी पुढे’ असे ठळकपणे छापून येते. त्यावरून नोव्हेंबरात कोण निवडून येईल हे ठरवणे चूक आहे. तिथे अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्याला वाटून दिलेल्या ५३८ पैकी २७० इलेक्टोरल मतांवर, आणि बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्यालाच त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मते मिळतात. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळाली, पण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून जेमतेम ७८ हजार मतांनी बाजी उलटली.

म्हणून एकाच पक्षाच्या दोन इच्छुकांची तुलना अशा अटीतटीच्या राज्यांतच करावी. चाचणी एकाच संस्थेची, एकाच आठवड्यातली हवी आणि दोघांपुढे प्रतिस्पर्धी तोच हवा. ६०० जणांच्या चाचणीत प्रत्येक आकडा चार टक्के वरखाली होऊ शकतो. आघाडीतली चूक तर त्याच्या जवळपास दुप्पट. मग दोन-तीन टक्क्यांच्या आघाडीला अर्थ तो काय? ‘माहीत नाही’ म्हणणारे किती, हा आकडा तर बातमीत बहुधा गाळलेलाच असतो. नवख्या उमेदवाराला कमी टक्के मिळतात ते अनेकदा लोक त्याला ओळखत नाहीत म्हणून, नापसंतीमुळे नव्हे.

सुरुवातीच्या निकालांनीही हुरळून जाऊ नये. २०२० मध्ये सर्वांत आधी कौल देणाऱ्या राज्यांपैकी आयोवात बायडेन चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते, तरी अध्यक्ष तेच झाले. उलट १९८८ च्या जुलैत डेमोक्रॅटिक उमेदवार डुकाकिस देशभरातल्या चाचणीत १७ टक्क्यांनी पुढे होते, आणि नोव्हेंबरात ४० राज्यांत हरले.

– एक वाचक, ठाणे