मोसमी ढगांच्या माथ्यावर जाणारे विमान हवे

महोदय,

पावसाने ओढ दिली की कृत्रिम पावसाची चर्चा सुरू होते आणि सोलापूर परिसरात ढगांमधून फिरलेल्या संशोधन विमानांची आठवण निघते. पुण्याच्या आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) या संस्थेचा २००९ साली सुरू झालेला 'कायपीक्स' हा विमानांतून ढग व पावसाचा अभ्यास करणारा प्रकल्प निःसंशय मोलाचा आहे. मात्र त्यासाठी भाड्याने घेतलेली छोटी विमाने साधारण सात-आठ किलोमीटर उंचीपर्यंतच मोजमाप करू शकली, तर पावसाळ्यातील मोठ्या गडगडाटी ढगांचे माथे सोळा किलोमीटरच्याही वर जातात. ढगाचा वरचा अर्धा भाग अशा रीतीने आपल्या आवाक्याबाहेरच राहिला.

हा भाग दुर्लक्ष करण्याजोगा नाही. तेथून हिमकणांचे विरळ तंतुमेघ दूरवर पसरतात. ते सूर्यप्रकाश परतवतात आणि जमिनीकडून येणारी उष्णताही अडवतात. यांपैकी कोणता परिणाम वरचढ ठरेल हे ढगाच्या जाडीवर आणि हिमकणांच्या आकारावर अवलंबून असते, आणि उणे सत्तर-ऐंशी अंशांतील हे कण प्रत्यक्ष तेथे जाऊनच नीट मोजता येतात. उपग्रहाला ढगाचा माथा दिसतो. आतल्या कणांबद्दल बराचसा तर्कच करावा लागतो. २००७ मध्ये 'नासा'ने कोस्टा रिकातून तीन विमाने निरनिराळ्या उंचीवर उडवून अशा ढगांचा अभ्यास केला होता.

आपल्या मोसमी आकाशाचा असा अभ्यास २०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये झाला, पण काठमांडूहून. युरोपीय शास्त्रज्ञांनी 'जिओफिजिका' हे रशियन विमान (ज्याच्या मूळ आराखड्याचा हेतू हेरगिरीचे फुगे पाडणे हा होता!) सुमारे वीस किलोमीटर उंचीवर नेऊन नेपाळ, भारत व बांगलादेशावरील हवा तपासली. तेथे अमोनियम नायट्रेटचे कण सापडले. खालच्या मैदानांतील शेती आणि पशुधनातून निघणारा अमोनिया मोसमी ढगांबरोबर इतका वर पोचतो, हे त्यातून पुढे आले. आपल्याच शेतांतील वायूचा हा प्रवास परक्या विमानाने, शेजारी देशातून उड्डाण करून उलगडावा, हे मला खटकते.

हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांनी उपयुक्त नोंदी मिळवल्या आहेत, परंतु फुगा वाऱ्याबरोबर जातो. हव्या त्या ढगात तो नेता येत नाही. वीस किलोमीटरवर जाणारे विमान लगेच परवडणार नसेल, तर जर्मनीच्या 'हॅलो' या संशोधन विमानाप्रमाणे पंधरा किलोमीटरपर्यंत जाणारे 'बिझनेस जेट' प्रकारचे विमान उपकरणे बसवून सज्ज करावे. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि त्यातून मिळणाऱ्या नोंदी राज्यातील विद्यापीठांनाही खुल्या ठेवाव्यात.

– एक वाचक, पुणे