व्हिडिओ कमी, वही जास्त

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

इतिहासाच्या ऑनलाइन कोर्सला नाव नोंदवलंस, छान झालं. 'आपल्या सवडीने शिका' यातच खरी मेख आहे. तारीख नसली की सवड सापडत नाही, व्हिडिओ साचतात, आणि लिखाण सगळ्यात आधी मागे पडतं. म्हणून आत्ताच ठरव : या धड्यावर २०० शब्द लिहून झाल्याशिवाय पुढचा व्हिडिओ उघडायचा नाही.

आठवड्याला पाऊण पाऊण तासाच्या तीन बैठका पुरतात. पहिलीत व्हिडिओ आणि टिपणं, दुसरीत मूळ साधन, म्हणजे त्या काळातलाच एखादा कागद, तिसरीत लिखाण. लिहिताना टिपणं मिटून ठेव, नाहीतर उत्तराऐवजी धड्याचा सारांश उतरतो. तारखा नंतर पडताळता येतात.

समज, प्रश्न आला : फ्रेंच राज्यक्रांती १७८९ मध्येच का? 'त्यामागे अनेक सामाजिक, राजकीय व आर्थिक कारणे होती' हे वाक्य कुठल्याही क्रांतीला चिकटवता येतं, त्यामुळे बिनकामाचं. त्यापेक्षा असं लिही : 'तिजोरी रिकामी झाल्याने राजाला १६१४ नंतर प्रथमच स्टेट्स-जनरल (धर्मगुरू, सरदार आणि सामान्य जन यांच्या प्रतिनिधींची सभा) बोलवावी लागली, ती मे १७८९ मध्ये भरली तेव्हा १७८८ च्या बुडालेल्या पिकामुळे पाव महागला होता.' याच्याशी निदान भांडता तरी येतं! पुढची चार-पाच वाक्यं फक्त पुराव्याला दे.

साधनं वाचताना घाई नडते. सोळाव्या लुईच्या रोजनिशीत १४ जुलै १७८९ समोर 'काही नाही' अशी नोंद आहे. पॅरिसमधला बास्तीय हा किल्लेवजा तुरुंग जमावाच्या हाती पडला तो हाच दिवस, त्यामुळे 'राजाला जनतेचं सोयरसुतक नव्हतं' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण त्या वहीत तो मुख्यतः शिकारीचा हिशेब ठेवायचा. त्या दिवशी शिकार नाही, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. त्याच्या बेफिकिरीचा पुरावा हवा असेल तर तो दुसरीकडे शोधावा लागेल. तेव्हा कागद कुणी, कशासाठी लिहिला हे आधी वहीत टिपून ठेव, मजकुराला मग हात घाल.

लिहिलेलं लगेच तपासू नकोस. दोन दिवसांनी मोठ्याने वाच आणि प्रत्येक वाक्याला 'कशावरून?' म्हणून विचार. उत्तर मिळालं नाही तर पुरावा जोड, नाहीतर वाक्य खोड. कोर्समधल्या बहुपर्यायी चाचण्या तारखा तपासतील, युक्तिवाद नाही. त्याला माणूसच लागतो. पहिला परिच्छेद मला पाठव, लाल पेन काढून ठेवतो.

तुझा,
विजय