टेबलाच्या दुसऱ्या बाजूने

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

येत्या सोमवारी तुमच्या चाकणच्या कारखान्यात 40 नवे कामगार रुजू होणार असून त्यांची सारी व्यवस्था तुझ्याकडे आहे, असे आईकडून कळले. भरतीच्या त्या टेबलासमोर 1987 साली मी उभा होतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मला नियुक्तिपत्र मिळाले नव्हते. एका छापील कागदावर सही घेतली, गेटपास दिला आणि फोरमनने मशीन दाखवले. 240 दिवस भरले की कायम होण्याचा हक्क सांगता येतो आणि म्हणूनच सात महिन्यांनी आम्हाला 'ब्रेक' देतात, म्हणजे मधेच कामावरून कमी करतात, हे मला ब्रेक मिळाल्यावर चहाच्या टपरीवर एका जुन्या कामगाराने समजावले. पुढे मी कायम झालो, पगारही चांगला मिळाला; पण पर्सोनेल खात्यातून आलेल्या कागदावर निर्धास्तपणे सही करणे मला निवृत्तीपर्यंत जमले नाही. वेतनकराराच्या वेळी व्यवस्थापन खरे बोलत असले, तरी युनियनच्या गेट मीटिंगमध्ये आमच्यातले निम्मे लोक ते खोटेच धरून चालत, कारण प्रत्येकाला आपला पहिला दिवस आठवत असे.

नव्या श्रम संहितांनी नियुक्तिपत्र बंधनकारक केले आहे, तेव्हा ते तू देशीलच. परंतु कामगार मराठवाड्यातला असो वा ओडिशाचा, त्याला कळेल अशा भाषेत ते वाचून दाखव. मूळ वेतन किती, कपात कशाची, तो कंपनीच्या पटावर आहे की ठेकेदाराच्या, हे सहीपूर्वी सांग. भविष्य निर्वाह निधीसाठी वारसाचे नाव त्याच दिवशी भरून घे. माझ्या शेजारच्या मशीनवरचा सोबती गेला तेव्हा ती जागा कोरी निघाली, आणि त्याच्या पत्नीने कितीतरी महिने हेलपाटे घातले.

वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, आणि तिच्यात दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी सारख्या संख्येने हवेत. त्यातल्या कामगार प्रतिनिधींची ओळख तू स्वतः करून दे. नव्या माणसाला युनियनवाल्यांपासून दूर ठेवावे, असे काही अधिकारी मानतात. मला ते साफ चुकीचे वाटते. त्यांची भेट टपरीवर होणारच आहे, ती तुझ्यासमोर झालेली बरी.

दुपारी त्यांच्याबरोबर कँटीनमध्येच जेव. त्यांनी काय काय विचारले, ते रात्री फोनवर सांग.

तुझे,
बाबा